गैरहजेरीचा रकाना



'पेट'चे निकाल लागले की ओळखीच्या-अनोळखी मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "ताई, पीएचडीला रोज किती तास काम करावं लागतं?" मी काहीतरी आकडा सांगते आणि समोरचा तो वहीत लिहून घेतो. घरच्यांसाठी, मित्रांसाठी किती वेळ ठेवायचा, हे मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. मीसुद्धा पहिल्या तीन वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

गंमत म्हणजे माझा विषयच तो आहे. १८९० ते १९४८ या काळात मुंबईच्या गिरणी कामगारांचा कामाबाहेरचा वेळ कसा घडला, हे मी शोधतेय. रविवारच्या सुट्टीवरचं प्रकरण मी सलग अकरा रविवार बसून लिहिलं. त्या अकरा रविवारांत एकदाही घरी गेले नाही. एमएला दोन वर्षं जिच्याबरोबर एका खोलीत राहिले, जिनं माझ्या सिनॉप्सिसचे चार खर्डे वाचून दिले, त्या मैत्रिणीच्या वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेल्याचं मला दीड महिन्यानं कळलं, तेही तिच्या स्टेटसवरून. फोन केला तर म्हणाली, "तुझं प्रकरण चालू होतं ना, म्हणून नाही कळवलं." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

आजचा लेख त्या वाक्यामुळे लिहितेय. पण सुरुवात सल्ल्यानं करत नाही, कारण वेळेचं नियोजन सांगणारे व्हिडिओ तुम्ही भरपूर बघितले असतील. सुरुवात माझ्या विषयापासून करते. एका सरकारी आकडेवारीतला रकाना मी दोन वर्षं चुकीचा वाचत होते. तो कसा चुकीचा वाचला आणि कुणी दुरुस्त करून दिला, हे सांगायचंय. तुम्ही इतिहासात संशोधन करणार नसलात तरी उपयोगी पडेल, असं वाटतं.

रविवार आला कुठून?

दरवर्षी १० जूनला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो : नारायण मेघाजी लोखंडे यांनी देशाला रविवारची सुट्टी मिळवून दिली. मेसेजचा गाभा खरा आहे, पण संशोधकानं तो तसाच उचलायचा नसतो. सरकारी कचेऱ्या त्याच्या कितीतरी आधीपासून रविवारी बंद असत. प्रश्न गिरण्यांचा होता.

मुंबईतली पहिली यशस्वी कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली. १८५६ मध्ये तिथून सूत निघू लागलं. पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागात भोंगेच भोंगे झाले. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. दिवस मोठा झाला की कामही मोठं. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. काही ठिकाणी रविवारी चाकं थांबत, पण यंत्रं साफ करायला कामगारांना जावंच लागे आणि अर्धा दिवस त्यात सरे.

१८८१ मध्ये हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा आला. लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या स्वस्त कापडाची स्पर्धा खुपत होती, त्यांचा दबाव या कायद्यामागे होता. (कारणं शोधताना हे लक्षात ठेवा : चांगल्या कायद्यामागचा हेतू चांगलाच असेल असं नाही.) सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या, एवढं त्या कायद्यानं दिलं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

लोखंडे इथे येतात. सत्यशोधक चळवळीतले, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. त्याच सुमारास सरकारनं नेमलेलं फॅक्टरी कमिशन काम करत होतं. त्याच्यापुढे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन गेलं. मागण्या पाच : दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर इजा झाल्यास बरा होईपर्यंत पगार, अपंग झाल्यास पोटाची सोय.

या यादीपाशी थोडं थांबा. पाचपैकी तीन मागण्या वेळेच्या आहेत. पगार वाढवा असं त्यात कुठेही नाही. जो आहे तो वेळेवर द्या, एवढंच आहे.

त्यानंतर सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालक संघानं आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या, १८९१ च्या कायद्यानं ती देशभरच्या कारखान्यांना लागू झाली. स्त्रियांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांच्या तासांना मर्यादा यायला मात्र १९११ उजाडलं. त्याआधी, १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि सूर्यास्ताची अडचणच उरली नव्हती. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत. १९११ चा कायदा म्हणाला, बारा तास. १९२२ चा म्हणाला, दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ. १९३४ चा म्हणाला, दहा आणि चोपन्न. १९४८ चा म्हणाला, नऊ आणि अठ्ठेचाळीस.

हा तक्ता पाठ करायची गरज नाही. एवढं मात्र बघा, की पंधरा तासांपासून नऊ तासांपर्यंत यायला चार दशकांहून जास्त काळ लागला आणि त्यासाठी लोकांना सभा, सह्या, संप करावे लागले. 'काम संपलं की उरलेला वेळ घरच्यांचा' असं आपण सहज म्हणतो. गिरणी कामगारासाठी असा वेळ आपोआप कधीच उरला नव्हता.

पण घर कुठं होतं?

पहिल्या प्रकरणाचा खर्डा वाचून माझ्या गाईड सरांनी समासात एकच ओळ लिहिली : "रविवार मिळाला. कुणाबरोबर घालवला?"

मी गृहीत धरलं होतं की रविवार मिळाला म्हणजे कुटुंबाला वेळ मिळाला. मुंबईचे जनगणनेचे तक्ते उघडले आणि ते गृहीतक कोसळलं. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे साधारण निम्म्या. गिरण्यांत स्त्रिया होत्या, त्या काळात साधारण पाचवा हिस्सा त्यांचाच होता, आणि त्यांचा रविवार धुणं, दळण, पाणी यांतच जाई. पण कित्येक पुरुषांची बायकामुलं मुंबईत नव्हतीच. ती रत्नागिरीत होती, साताऱ्यात होती, घाटावर होती. (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच धरायचा. तो १९८१ मध्ये वेगळा झाला. जुने तक्ते वाचताना जिल्ह्यांच्या हद्दी आधी तपासा, नाहीतर माझ्यासारखी तुलना चुकेल.)

मग रविवार कुणाबरोबर? तर गाववाल्यांबरोबर. गिरणगावात एकेका गावाच्या खोल्या असत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं, भिंतीला प्रत्येकाची ट्रंक आणि खुंटी. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच वळकटीवर रातपाळीचा येऊन पडायचा. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुधा कामगाराचीच बायको किंवा विधवा, हिशेब महिन्याचा. पगार लांबला, संप लागला तरी ती जेवू घालत राही. रविवारी भजन, व्यायामशाळा, कबड्डी, शक्ती-तुरा आणि गावच्या मंडळाची बैठक : देवळाचं छप्पर, कुणाचं आजारपण, कुणाच्या पोरीचं लग्न.

समाजशास्त्रात याला 'सामाजिक जाळं' म्हणतात. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी १९९४ च्या त्यांच्या ग्रंथात दाखवलं की शेजार, गाव आणि खोली यांच्या या नात्यांवरच कामगारांची नोकरी, उधारी आणि संपाची ताकद उभी होती. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, तेव्हा कितीतरी कामगार गावी जाऊन राहिले. मागे शेत आणि घर नसतं तर सहा महिने तग धरणं कठीण होतं.

एवढं मी व्यवस्थित लिहिलं. चूक पुढे झाली.

रकाना

मुंबई सरकारनं १९२१ मध्ये लेबर ऑफिस सुरू केलं आणि त्याचं 'लेबर गॅझेट' नावाचं मासिक निघू लागलं. त्यात गिरण्यांतल्या गैरहजेरीची टक्केवारी छापली जाई. माझ्यासारखीला ही मेजवानीच. मी महिने मांडले, आलेख काढला आणि शीर्षक दिलं : 'औद्योगिक शिस्तीला प्रतिकार'.

हे शीर्षक आकाशातून पडलं नव्हतं. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराचा वेळ आणि कामाची शिस्त यांवरचा १९६७ चा निबंध आम्ही सगळ्यांनी वाचलेला असतो. घड्याळाची शिस्त अंगवळणी पडण्याआधी इंग्लंडमधले कारागीर सोमवारीही सुट्टी घेत, असं त्यात आहे. मी ते चष्म्यासारखं नाकावर चढवलं आणि गिरणगावाकडे बघितलं. मला हवं तेच दिसलं.

मालकांची तक्रार जुनीच होती : आमचा कामगार मनानं शेतकरी आहे, त्याचा गिरणीत जीव नाही, मनात आलं की गावाला पळतो. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशनपुढेही गावच्या ओढीची चर्चा झाली. १९३१ च्या अहवालात कमिशननं उलट सांगितलं, की गावाशी असलेला धागा ही जमेची बाजू आहे, तो तोडू नका, नीट बांधा. १९६५ मध्ये मॉरिस डी. मॉरिस या अभ्यासकानं तर 'कामगार गिरणीत रमत नव्हता' ही समजूतच खोडून काढायचा प्रयत्न केला. वाद मोठा आहे, साहित्याच्या आढाव्यात तुम्हाला तो मांडावा लागेल. पण वादातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच : कामगार गिरणीशी किती बांधलेला होता? मीही तोच विचारत होते. 'गैरहजर' हा शब्द गिरणीच्या दारात उभं राहून उच्चारलेला आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मनीऑर्डरचा तुकडा

ते लक्षात आणून दिलं आजीनं.

माझे आजोबा १९५८ ते १९८२ परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात ते गावी आले आणि परत गेले नाहीत. आजी सगळा काळ सिंधुदुर्गात, शेत आणि चार मुलं सांभाळत. आज ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मैत्रिणीच्या त्या फोननंतर मी प्रकरण बंद केलं आणि गावी गेले. खरं सांगते, तेव्हाही बॅगेत रेकॉर्डर होताच.

आजीनं ट्रंकेतून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात मनीऑर्डरच्या फॉर्मचे खालचे तुकडे होते, साठेक तरी. तुमच्यापैकी अनेकांनी मनीऑर्डर बघितली नसेल. टपाल खात्यानं १८८० मध्ये ही सेवा सुरू केली आणि २०१५ मध्ये तिचं जुनं रूप बंद झालं. फॉर्मच्या खाली निरोप लिहायला थोडी जागा असे. पैसे दिले की पोस्टमन तो तुकडा फाडून पैसे घेणाऱ्याच्या हातात देई. चार-पाच ओळी मावतील एवढी जागा. कोकणातल्या बायकांना नवऱ्याची महिन्याची खबर या चार-पाच ओळींत मिळायची.

मी वाचत गेले. "तांबूचे वासरू कसे आहे. पडवीचे कौल आता सारून घेणे. बाळाला थंडीत बाहेर काढू नये." अक्षर वळणदार. मी म्हटलं, आजोबांचं अक्षर किती छान होतं गं. आजी हसायला लागली.

"तेंका लिवूक येय नाय, माका वाचूक येय नाय. ह्यां सगळां भावजींचां अक्षर."

भावजी म्हणजे आजोबांच्या खोलीतला गाववाला. सातवीपर्यंत शिकलेला, सगळ्या खोलीचा लेखनिक. पगाराच्या आठवड्यात रविवारी फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसायचा आणि एकेकाचा निरोप लिहायचा. इकडे पोस्टमन आजीला तो वाचून दाखवायचा, ओट्यावर चहा प्यायचा आणि आजी सांगेल ते कार्डावर लिहून टाकायचा. म्हणजे चोवीस वर्षं नवरा-बायकोचं जे काही बोलणं झालं, ते दोन माणसांच्या हातून झालं. एक मित्र आणि एक पोस्टमन.

मी तुकडे तारखांनी लावले. १९७४ नंतर अक्षर बदलतं. भावजींना कापसाच्या धुळीनं छातीचं दुखणं लागलं आणि ते गावी परतले. पुढचे तुकडे दुसऱ्या कुणी लिहिलेले : "पैसे पोचले की कळवणे. सर्व कुशल." वासरू नाही, पडवी नाही. नव्या लिहिणाऱ्याला आमचं घर ठाऊक नव्हतं. आजोबा तेच होते, पण शेजारी बसून "अरे, कौलांचं विचार की" म्हणणारा उरला नव्हता.

मित्र आणि कुटुंब ही मी माझ्या आराखड्यात दोन वेगळी प्रकरणं केली होती. त्या डब्यानं ती एकत्र आणली.

मग मी संशोधकाचा उद्योग केला. हिशेब मांडला. आजोबा वर्षाला गणपतीत आणि शिमग्याला किंवा मे महिन्यात येत, सगळे मिळून महिनाभर. चोवीस वर्षांचे चोवीस महिने. "आजी, चोवीस वर्षांच्या संसारात तुम्ही दोनच वर्षं एकत्र होतात." मला वाटलं, ती गप्प होईल.

"तू फक्त ते घराक इल्ले दिवस मोजलंस," ती म्हणाली. "मनीऑर्डर येय तो दिवस खंय धरलंस?"

रकाना पुन्हा वाचताना

परत आल्यावर मी गैरहजेरीचा आलेख काढून समोर ठेवला. लग्नसराई आणि पेरणीआधीची कामं यांच्या महिन्यांत रेषा वर चढते. मालकाच्या पुस्तकात तो माणूस गैरहजर आहे. पण तो कुठेतरी हजर आहेच : बहिणीच्या लग्नात, नांगरामागे, पहिल्यांदा बघितलेल्या लेकराजवळ. आणि त्याची किंमत तो मोजतोय. पगारी रजा कायद्यात यायला १९४० चं दशक उजाडलं. त्याआधी गावचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेला रोज. परत आल्यावर जागेवर बदली कामगार उभा असण्याची भीती, आणि जागा परत मिळावी म्हणून जॉबरची मनधरणी. एवढं असूनही माणसं जात होती.

इथे एक सावधगिरी. आजोबांचा काळ माझ्या कालखंडाच्या बाहेरचा आहे. १९७० च्या तुकड्यांवरून १९२५ चा रकाना सिद्ध होत नाही. गैरहजेरीत आजारपण होतं, थकवा होता, दारू होती, जॉबरशी भांडण होतं आणि तो रकाना हे वेगळं करून सांगत नाही. घरातल्या पुराव्यानं मला उत्तर दिलं नाही, प्रश्न बदलून दिला. 'कामगार गिरणीशी किती बांधलेला होता?' याऐवजी मी आता 'तो किती ठिकाणांशी बांधलेला होता आणि ते सांभाळायला त्यानं काय मोजलं?' असं विचारते. 'प्रतिकार' हे शीर्षक खोडलं. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, सहा महिने गेले. सर म्हणाले, "आता वाचवतंय."

आणि हेही खरं, की या सगळ्याला गोंडस म्हणू नका. आजीचं एकटीचं बाळंतपण, आजोबांना न दिसलेली मुलांची लहानपणं, भावजींची छाती, हे कुणी हौसेनं निवडलेलं नव्हतं. मित्रांनी आणि गाववाल्यांनी जे उभं केलं ते फार मोठं होतं. पण वेळ कमी पडत होता म्हणून ते उभं करावं लागलं.

तुमच्यासाठी

आपण गिरणी कामगार नाही. फेलोशिप लांबते, क्वार्टर भरत नाही, पण भोंगा वाजत नाही. अडचण उलटी आहे. आपल्याला सूर्यास्त नाही. लॅपटॉप आला तसा गिरणीतल्या विजेच्या दिव्यासारखा प्रकार झाला : काम थांबवायचं निमित्तच संपलं. त्यात ही शिस्त आपण स्वतःच स्वतःला लावतो, म्हणून निवेदन द्यायला कमिशनही नाही.

म्हणून माझ्या अनुभवातून चार गोष्टी.

एक, सहा महिन्यांचं वेळापत्रक करताना गैरहजेरीचे दिवस आधी लिहा. गणपती, भावाचं लग्न, आईचं ऑपरेशन, मित्राकडे जायचे दोन दिवस. मग कामाचे दिवस मोजा. कमी भरतील. तो आकडा खरा असतो. माझं जुनं वेळापत्रक वर्षाचे सगळे दिवस कामाचे धरून केलेलं होतं आणि ते एकदाही पाळलं गेलं नाही.

दोन, या तारखा गाईडना आधी सांगा. मी दोन वर्षं 'घरी जाते' म्हणायला लाजत होते. सांगितल्यावर सर म्हणाले, "जा की. मला काय माहीत तुला जायचंय?" सगळे गाईड असे नसतात, हे मला ठाऊक आहे. तरी न विचारताच नकार गृहीत धरू नका.

तीन, ज्याला तुमचं घर ठाऊक आहे असा एक तरी मित्र जपा. तुमचे खर्डे वाचणारे पुढे अनेक भेटतील. वासराची चौकशी करणारा क्वचित. आणि त्याच्या घरचं तुम्हालाही ठाऊक असू द्या. मी त्या मैत्रिणीकडे जाऊन आले. तिच्या वडिलांबरोबर पत्ते खेळले, हरले. पीएचडीचा विषय तिनं काढला, मी नाही.

चार, आणि ही मला सगळ्यात जड जाते : घरच्या माणसांची मुलाखत घेणं म्हणजे घरच्यांना वेळ देणं नव्हे. त्या भेटीच्या शेवटच्या दिवशी मी आजीसमोर रेकॉर्डर ठेवून खानावळीच्या दरांबद्दल विचारत होते. दोन वाजून गेले होते. तिनं बराच वेळ उत्तरं दिली. मग त्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तां बंद कर नि जेवूक ये."

मी बंद केलं. त्यानंतर ती संध्याकाळपर्यंत बोलत होती, त्यातलं काहीही माझ्या प्रबंधात येणार नाही.

पुढच्या लेखात जनगणनेचे जुने तक्ते कसे वाचायचे ते सविस्तर बघू. पावसाळ्यात गावी जाणार आहे, त्यामुळे उशीर होईल. तो उशीर या वेळी वेळापत्रकात आहे.